हुतूतू ते प्रो कबड्डी : आपण सांगतो त्या दोन गोष्टी आणि मधली गाळलेली पानं

कबड्डीचा इतिहास सांगायचे आपल्याकडे दोन ठरलेले साचे आहेत.

पहिला साचा टीव्हीचा. मातीत खेळला जाणारा एक गावठी खेळ होता, त्याला कुणी विचारत नव्हतं. मग 2014 साली लीग आली, मॅट आली, दिवे लागले आणि खेळ घराघरांत पोचला. 'माती ते मॅट' हे दोन शब्द म्हटले की इतिहास संपला.

दुसरा साचा आपला, म्हणजे मराठी स्मरणिकांचा. त्याची सुरुवात अभिमन्यूच्या चक्रव्यूहापासून होते. तिथून एक उडी मारली की थेट 1936 चं बर्लिन, पुढची उडी आशियाई सुवर्णपदक. शेवटच्या परिच्छेदात हळहळ असते : खेळ आपला, पण नेला हरयाणानं आणि पैसा केला कंपन्यांनी.

गेली काही वर्षं मी हुतूतू-कबड्डीच्या जुन्या नियमपुस्तिका, स्मरणिका, वर्तमानपत्रांची कात्रणं जमेल तशी वाचतो आहे. मी इतिहासाचा पदवीधर नाही. आयुष्य गेलं ते यंत्रांच्या ड्रॉइंगवर. त्यामुळे कुठलीही गोष्ट वाचताना मला पहिला प्रश्न पडतो तो जोडणीचा : हा भाग त्या भागाला नेमका कुठं बसतो? या दोन्ही साच्यांत जोडणीच नाही. टीव्हीच्या गोष्टीत 2014 च्या आधीचं काही नाही. स्मरणिकांच्या गोष्टीत पुराण आहे, पदकं आहेत, पण खेळ बडोद्याहून मद्रासला, मद्रासहून ढाक्याला, बीजिंगला कसा गेला हे नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. 'राष्ट्रीय' होणं आणि 'व्यावसायिक' होणं या एकाच प्रवासाच्या दोन पायऱ्या नाहीत. त्या दोन निराळ्या घटना आहेत. त्यांच्यात साठेक वर्षांचं अंतर आहे, त्या करणारी माणसं वेगळी, त्यांची किंमत मोजणारीही वेगळी. पहिल्या घटनेचं श्रेय आपण कुणालाच देत नाही. दुसरीला मात्र सगळंच श्रेय देतो, नाहीतर सगळाच दोष.

आधी थोडी झाडलोट

अभिमन्यूचं आधी. चक्रव्यूहात शिरलेला एकटा आणि भोवती सात जण हे चित्र कबड्डीशी जुळतं खरं. पण जुळणं म्हणजे पुरावा नव्हे. एकानं शिरायचं आणि अनेकांनी धरायचं ही कल्पना कुठल्याही गावातल्या पोरांना सुचू शकते, सुचलीही आहे. म्हणून तर तिला इतकी नावं आहेत : आपल्याकडे हुतूतू, बंगालमध्ये हाडुडु, तमिळ मुलखात चेडुगुडु, उत्तरेत कबड्डी. चक्रव्यूहाची उपमा व्यासपीठावरून छान वाटते. कागदोपत्री इतिहासाची सुरुवात तिथून करू नये.

मग बर्लिन. 'कबड्डी 1936 च्या ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिक खेळ होता' हे वाक्य इतक्या ठिकाणी छापलं गेलंय की आता ते खोडायला गेलं तर लोक रागावतात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक त्या वर्षी बर्लिनला गेलं आणि भारतीय व्यायामप्रकार त्यानं तिथं दाखवले. ही मोठीच गोष्ट आहे. परंतु त्या ऑलिंपिकचे अधिकृत प्रात्यक्षिक खेळ बेसबॉल आणि ग्लायडिंग हे होते. अमरावतीच्या मंडळींचा मान ऑलिंपिकचा शिक्का उसना आणल्यानं वाढत नाही. विदर्भातल्या एका व्यायाममंडळानं पारतंत्र्याच्या काळात स्वतःच्या हिमतीवर एवढं पथक नेलं, हे तसंच सांगितलं तरी पुष्कळ आहे.

ही झाडलोट अशासाठी केली, की या दोन चमकदार गोष्टींच्या उजेडात तिसरी, साधी गोष्ट दिसेनाशी झाली. ती म्हणजे बडोदं, 1923.

बडोद्यात काय घडलं

हुतूतूला नियमांच्या चौकटीत बसवायचे प्रयत्न 1918 च्या सुमाराला साताऱ्याकडे सुरू झाले. 1923 साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानं नियम ठरवून त्यांवर अखिल भारतीय सामने भरवले. आपल्या बहुतेक स्मरणिकांत याला एक ओळ मिळते. माझ्या मते एक प्रकरण मिळायला हवं.

बडोदंच का? सयाजीराव महाराजांचं राज्य, 1906 पासून सक्तीचं प्राथमिक शिक्षण, गावात आखाड्यांची जुनी परंपरा, प्रो. माणिकरावांसारखे शारीरिक शिक्षणाला वाहून घेतलेले गुरू, आणि पिढ्यान् पिढ्या स्थायिक झालेला मराठी समाज. पुढे 1936 पासून याच गावातून द. चिं. मुजुमदारांच्या संपादनाखाली व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड निघाले. खेळ खेळणं आणि खेळ लिहून काढणं या दोन्हींची सवय असलेलं हे गाव होतं. नुसती खेळायची सवय तर शंभर गावांत असते.

लिहून काढण्याची गरज का पडली हे समजायला खेळाचे जुने प्रकार पाहावेत. संजीवनी, गामिनी आणि अमर हे तीन प्रकार जुन्या मंडळींना तोंडपाठ असत. संजीवनीत प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला बाद झालेला एक गडी उठतो. गामिनीत बाद झालेला बाहेरच बसतो, सगळा संघ बाद होईपर्यंत. अमरमध्ये तर बाद झालेला आतच राहतो, समोरच्याला फक्त गुण मिळतो.

आता विचार करा, दोन गावांचे संघ समोरासमोर आले, एकाचा सराव गामिनीचा, दुसऱ्याचा अमरचा. सामना कसा व्हायचा? दोघंही 'हुतूतू'च म्हणतायत, पण खेळ दोन आहेत. शिवाय मैदान केवढं, दम कुठं सुरू करायचा, दम तुटला हे कुणी ठरवायचं, रेषेला पाय लागला तर काय. प्रत्येक मुद्द्यावर भांडण. आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर, नट एका कारखान्याचा आणि बोल्ट दुसऱ्याचा, पण आटे जुळत नाहीत. दोन्ही माल उत्तम आणि दोन्ही निरुपयोगी.

सामने भरवायचे म्हणजे आटे जुळवायचे. बडोद्याचं महत्त्व तिथं आहे. 'अखिल भारतीय' या विशेषणावर मी फार भर देत नाही. त्या काळी अनेक संस्था हे विशेषण लावत आणि त्यात वस्तुस्थितीपेक्षा आकांक्षा जास्त असे. पण आकांक्षेचाही एक उपयोग होतो. दूरचा संघ येणार असं गृहीत धरलं की नियम गल्लीपुरते ठेवता येत नाहीत. जो खेळाडू तुमच्या पंचाला ओळखत नाही, त्यालाही कळतील असे लिहावे लागतात.

इथं आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्त्यांसाठी एक मुद्दा आहे. ज्या गावात भोवती दुसरी भाषा बोलली जाते, तिथं आपला खेळ दुसऱ्याला समजावून सांगावा लागतो. पुण्यात वा साताऱ्यात ती गरज भासत नाही, सगळ्यांना सगळं माहीत असतं. बडोद्यात भासते. खेळाची पहिली मोठी परीक्षा बडोद्यात झाली हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

नाव सोडलं, लोण राहिलं

पुढचा टप्पा कलकत्त्याचा. 1938 साली तिथल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत या खेळाला जागा मिळाली. स्वातंत्र्यानंतर 1950 मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. 1952 ला मद्रासमध्ये पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, 1955 ला कलकत्त्यात महिलांची.

महासंघाचं नाव पुन्हा वाचा. हुतूतू महासंघ नाही, कबड्डी महासंघ. नियमांचा मोठा भाग ज्या मुलखात घडला, त्यानं आपलं नाव आणि आपला दम दोन्ही बाजूला ठेवले. 'हुतूतू हुतूतू' म्हणत चढाई करणाऱ्या पिढीनं 'कबड्डी कबड्डी' म्हणायला शिकून घेतलं. बंगालनं हाडुडु सोडलं, तमिळ खेळाडूंनी चेडुगुडु. आज हे क्षुल्लक वाटेल. पण श्वासाला बांधलेला शब्द बदलणं म्हणजे काय, हे ज्यानं लहानपणी दम घातलाय त्याला विचारा. 'हुतूतू'त ओठ पुढं येतात आणि हवा बेताबेतानं सुटते. 'कबड्डी'त जीभ टाळ्याला आपटते आणि दर खेपेला थोडी हवा जास्त जाते. शब्द बदलला की दमाची लय बदलते.

आपल्या स्मरणिका हा त्याग सांगतच नाहीत. सांगितला तर अन्याय झाल्यासारखा सांगतात. मला तो अन्याय वाटत नाही. आटे जुळवताना कुणाचा तरी आटा बदलावा लागतोच. उलट आपण याचा अभिमान बाळगावा : खेळ मोठा व्हावा म्हणून आपल्या लोकांनी नावाचा हट्ट धरला नाही. शंकरराव ऊर्फ बुवा साळवींसारख्या माणसांनी आयुष्य घातलं ते कबड्डी या नावाखाली. त्यांचा 15 जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात आज साजरा होतो तो कबड्डी दिन म्हणून.

आणि सगळंच गेलं असंही नाही. समोरचा आख्खा संघ बाद केला की मिळतं ते 'लोण'. हा शब्द आपल्या देशी खेळांच्या कुळातला, आट्यापाट्यांतही आहे. आजच्या राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय नियमपुस्तिकेत तो 'लोना' म्हणून जसाच्या तसा बसलेला आहे. इराणचा खेळाडू, कोरियाचा खेळाडू, सगळे तोच शब्द वापरतात. तसंच संजीवनीचं. बाद गडी पुन्हा उठण्याचं तत्त्व तीन प्रकारांतून निवडलं गेलं, आणि आजचा सगळा खेळ त्याच कण्यावर उभा आहे.

म्हणजे 1950 च्या दशकात हा खेळ राष्ट्रीय झालेला होता. एक नाव, एक नियमपुस्तिका, एक संघटना, वार्षिक स्पर्धा. टीव्ही अजून यायचाच होता.

'हौशी' म्हणजे नेमकं कोण?

यानंतरची चाळीस-पन्नास वर्षं दोन्ही साच्यांत कोरी आहेत. टीव्हीच्या गोष्टीत ती उपेक्षेची वर्षं, स्मरणिकांत ती फक्त पदकांची यादी.

पदकं होती हे खरं. 1978 ला भिलाईत आशियाई महासंघाची स्थापना झाली, 1980 ला कलकत्त्यात पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा, 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये प्रात्यक्षिक आणि 1990 ला बीजिंगमध्ये पदकाचा खेळ. 1972 ला सदानंद शेट्ये अर्जुन पुरस्काराचे मानकरी झाले, 1978 ला शकुंतला खटावकर.

परंतु खेळाडू जगत कसा होता? त्याला नोकरी होती. रेल्वे, पोलीस, सेनादल, बँका, वीज मंडळ, मुंबईतल्या गिरण्या. संघ या संस्थांचे असत, आणि चांगली चढाई करणाऱ्या पोराला तिथं चिकटवून घेतलं जाई. कागदावर तो कारकून किंवा हवालदार, दुपारनंतर मैदानावर. संघटनेच्या नावात मात्र 'अमॅच्युअर' हा शब्द. 1972 पासून तो तिथं आहे.

हा खेळाडू हौशी होता का? खेळाचे पैसे घेत नव्हता, म्हणून हौशी. पण घर चालत होतं ते खेळामुळेच, म्हणून व्यावसायिक. मला वाटतं ती तिसरीच व्यवस्था होती आणि तिचं नीट वर्णन अजून कुणी केलेलं नाही. तिच्यात पैसा थोडा होता, पण टिकाऊ होता. गुडघा गेला तरी नोकरी राहायची, पुढं पेन्शन. मंडळाचा कार्यकर्ता पोराला घडवायचा, मग एखाद्या अधिकाऱ्याच्या मागं लागून त्याला चिकटवून द्यायचा. खेळाची अर्थव्यवस्था ती होती. 'उपेक्षेची वर्षं' म्हणून ती उडवून लावणं हे अज्ञान आहे.

लीगनं काय केलं

आता 2014. आनंद महिंद्रा आणि चारू शर्मा यांच्या मशाल स्पोर्ट्सनं लीग उभी केली आणि स्टारनं ती दाखवली. 26 जुलैला मुंबईत वरळीला पहिला सामना. आठ संघ होते, 2017 ला बारा झाले. पहिल्या वर्षी 43.5 कोटी प्रेक्षक असा आकडा छापून आला. हा आकडा क्षणभर डोकावलेल्यांनाही मोजतो, हे ध्यानात ठेवलं तरी तो मोठाच आहे.

स्मरणिकावाल्यांना मी एवढंच म्हणेन की लीगचं खरं काम आधी मान्य करा. चढाईला 30 सेकंदांची मर्यादा, तिचं घड्याळ सगळ्यांना दिसेल असं पडद्यावर. दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'. तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना पकड केली तर जादा गुण. या सगळ्यामुळे नव्या प्रेक्षकाला तणाव कळला. पूर्वी चढाईचं घड्याळ खेळाडूच्या छातीत होतं आणि ते वाचायला पंचाचा कान लागायचा. आता ते भिंतीवर आहे. जाणत्याचं काही गेलं, नेणत्याला काही मिळालं. माझ्या दृष्टीनं हा वाईट सौदा नाही.

पैशाचंही तसंच. 2014 च्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली, 12.8 लाखांची. 2023 ला पवन सेहरावतवर लागली ती 2 कोटी 60 लाखांहून जास्त. नऊ वर्षांत वीसपट. ज्या खेळाडूंनी आयुष्यभर प्रवासभत्त्यावर सामने काढले, त्यांच्या पुतण्या-भाच्यांना हे मिळतंय, तर त्यात नाक मुरडण्यासारखं काय आहे?

'हरयाणानं नेला' या हळहळीचंही उत्तर देऊन टाकतो. जानेवारी 2018 मध्ये हैदराबादला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्रानं रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली सेनादलाला हरवून अकरा वर्षांनी विजेतेपद मिळवलं. बेळगावकरांच्या शेजारच्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई 2019 च्या लिलावात सर्वांत महाग ठरला, 1 कोटी 45 लाख. 1 मार्च 2024 ला पुणेरी पलटणनं हैदराबादलाच लीग जिंकली, कर्णधार अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. खेळ कुणी नेलेला नाही. तो पसरलाय, आणि पसरलेल्या गोष्टीत आपला वाटा टक्क्यांनी कमी दिसतोच.

मग माझी तक्रार कशाबद्दल? ती वेगळ्या ठिकाणी आहे, आणि ती समजायला एका परदेशी खेळाची मदत घेतो. ऑस्ट्रेलियात स्वतःचा एक फुटबॉल आहे. त्याचे नियम 1859 मध्ये मेलबर्नला लिहिले गेले आणि शंभराहून जास्त वर्षं तो मुख्यतः दक्षिणेकडच्या राज्यांचा खेळ राहिला. सिडनीत त्याला फारसं स्थान नव्हतं. 1897 ला मेलबर्न-जिलाँग भागातल्या आठ क्लबांनी व्हिक्टोरियाची लीग सुरू केली. तिचीच पुढं राष्ट्रीय लीग झाली : 1982 ला साउथ मेलबर्न क्लब सिडनीला हलला, 1987 ला पर्थ आणि ब्रिस्बेनचे संघ आले, 1990 ला नावातून व्हिक्टोरिया जाऊन ऑस्ट्रेलिया आलं. किंमतही मोजावी लागली. फिट्झरॉय हा मूळ आठांपैकी एक क्लब 1996 च्या हंगामानंतर ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला.

तिथंही प्रादेशिक खेळ, तिथंही आठ संघ, तिथंही टीव्ही आणि पैसा. पण एक फरक आहे. कार्लटन, कॉलिंगवुड हे एकोणिसाव्या शतकातले मोहल्ल्यांचे क्लब आजही त्या राष्ट्रीय लीगमध्ये खेळतात. गावातल्या संस्थेनंच राष्ट्रीय रूप घेतलं, म्हणून तिचा इतिहासही तिच्याबरोबर आत गेला. फिट्झरॉय गेला तेव्हा लोक रडले, कारण रडायला एक क्लब होता.

आपल्याकडे लीगचे आठही संघ कोरे जन्मले. जुन्या मंडळांपैकी, जिमखान्यांपैकी एकही संस्था त्या आठांत नव्हती. संघ शहराच्या नावाचे, मालकी कंपनीची, खेळाडू लिलावातले. मुंबईच्या संघाला दुसऱ्या वर्षी विजेतेपद मिळवून देणारा अनुपकुमार हरयाणाचा, आणि हरयाणाच्या नावाचा संघच 2017 पर्यंत नव्हता. त्याच वर्षी गुजरातलाही संघ मिळाला, अहमदाबादला. ते सामने पाहताना 1923 चं बडोदं कुणाच्या तोंडून माझ्या तरी कानावर आलं नाही.

यात खलनायक शोधू नये. कंपनीनं जोखमीचा पैसा घातला. महासंघालाही या प्रश्नाकडे पाहायला वेळ नव्हता, तो स्वतःच कोर्टकज्ज्यात होता. 2018 ला दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच्या निवडणुका रद्द ठरवून प्रशासक नेमला. पण परिणाम काय झाला तो पाहा : खेळ व्यावसायिक झाला आणि ज्या संस्थांनी तो राष्ट्रीय केला होता त्या बाहेर राहिल्या. त्यांना ना भांडवल मिळालं, ना उल्लेख. 'माती ते मॅट' ही गोष्ट म्हणूनच इतकी सोपी झाली, कारण मधल्या माणसांपैकी कुणी त्या हॉलमध्ये हजर नव्हतं.

बायकांचं पान

दोन्ही साच्यांत आणखी एक पान गाळलेलं आहे. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा 1955 पासूनची. 2010 ला ग्वांगझूला महिला कबड्डी एशियाडमध्ये आली, भारतानं तेव्हा आणि 2014 ला सुवर्ण जिंकलं. 2016 ला प्रो कबड्डीच्या जोडीला महिलांची एक छोटी स्पर्धा झाली, तीन संघांची. ती एकाच वर्षावर थांबली. पुरुषांच्या लीगचे बारा संघ झाले तेव्हाही महिलांच्या त्या तीन संघांचं पुढं काही झालं नाही.

2018 ला जाकार्ताला भारताच्या महिला अंतिम सामन्यात इराणकडून हरल्या. इराणच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आपल्या वर्तमानपत्रांनी ही बातमी चटपटीत योगायोग म्हणून छापली. माझ्या लेखी ती या सगळ्या इतिहासावरची सर्वांत कडक टीका आहे. साताऱ्यात-बडोद्यात सुरू झालेलं शिकवण्याचं, लिहून काढण्याचं, दुसऱ्याला समजावून देण्याचं काम करणारं माणूस अजून आपल्यात होतं. त्या कामाची सर्वांत मोठी फळं परदेशाच्या संघाला मिळाली. आणि नोकरीच्या त्या जुन्या तिसऱ्या व्यवस्थेवर महिला खेळाडू अजूनही अवलंबून आहेत. रेल्वेचा महिला संघ राष्ट्रीय स्पर्धांत वर्षानुवर्षं वरचढ राहिला याचं साधं कारण तेच आहे : पगार तिथं होता.

तेव्हा 'कबड्डी व्यावसायिक झाली' हे वाक्य अर्ध्याच खेळाडूंबद्दल खरं आहे.

आपलं काम

आपल्या मंडळाच्या वाचकांना हे सगळं सांगण्याचं कारण व्यावहारिक आहे. 1923 बद्दल आपण छातीठोकपणे बोलतो, पण कोणते संघ आले, सामने किती झाले, पंच कोण, नियमांची छापील प्रत कशी होती, हे सांगायचं तर कागद लागतात. असे कागद कुठं असतात? सरकारी दप्तरात क्वचित. ते असतात जुन्या व्यायामशाळांच्या कपाटांत आणि आजोबांच्या ट्रंकेत.

काही वर्षांपूर्वी मी एका जुन्या व्यायामशाळेत गेलो होतो, नाव घेत नाही. पदाधिकारी मंडळी भली, चहा झाला. स्पर्धांची रजिस्टरं मागितली तर कळलं, रंगकाम काढलं तेव्हा वाळवी लागलेले गठ्ठे रद्दीत गेले. ढाली मात्र पुसून काचेत ठेवल्या होत्या. ढालीवर विजेत्याचं नाव असतं. हरलेला संघ कुठून आला होता हे रजिस्टरात असतं, आणि खेळ किती दूरवर पसरला हे हरलेल्यांच्या गावांवरूनच कळतं.

म्हणून बडोदं, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, गोवा इथल्या वाचकांना विनंती. घरात जुनी गुणपत्रिका, स्पर्धेचं निमंत्रण, नियमांची पुस्तिका, संघाचा फोटो असेल तर टाकू नका. फोटोच्या मागं नावं लिहा, साल लिहा, गाव लिहा. मुलींच्या संघाचा असेल तर आधी लिहा, कारण ती नावं सर्वांत लवकर विसरली जातात. पुस्तिकेत दम कोणता छापलाय, 'हुतूतू' की 'कबड्डी', ते बघा आणि कळवा. कोणत्या गावात हा बदल कोणत्या साली झाला, याचा नकाशा अजून कुणी केलेला नाही. तो एवढ्या साध्या नोंदींतून होऊ शकतो.

रजिस्टरं शाबूत असतील अशी कपाटं अजून थोडी उरली असावीत. पुढच्या दिवाळीच्या साफसफाईच्या आत ती उघडून बघू या.